खाडीची पुरवणी

अण्णांचा आवाज गेला त्याच वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, आमच्या घरी जर्मनीहून एक खोका आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध लागेल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर मी हसले असते. देवाच्या मनातलं आपल्याला आधी थोडंच कळतं!

अण्णा म्हणजे माझे सासरे, पेणचे गोपाळकृष्णबुवा कीर्तनकार. मीही पेणचीच. लहानपणी आईबरोबर त्यांच्या कीर्तनाला जायची. पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, आणि मग आख्यान सुरू होतं. त्या मधल्या वेळात बाकीची पोरं फुटाण्यांसाठी बाहेर पळायची. मी मात्र जागा जाईल म्हणून हलायची नाही. पुढे अंबरीशचं स्थळ आलं, तेव्हा मुलगा काय करतो हे मी नंतर विचारलं. आधी विचारलं, "त्या गोपाळकृष्णबुवांचाच का हा?"

त्या आवाजासाठी मी त्या घरात गेले म्हणा ना.

मग अण्णांच्या गळ्याचं दुखणं निघालं. मुंबईला ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण आवाज असा उरला, की श्वासालाच कसेबसे शब्द फुटावेत. समोर बसून ऐकलं तर कळायचं, दारातून हाक ऐकू यायची नाही. पेणचं घर बंद करून आम्ही त्यांना रोह्याला आणलं. अंबरीश धाटावच्या एका केमिकल कंपनीत होता, कंपनीच्याच वसाहतीत आम्ही राहायचो. अण्णांचं सगळं नीट चाललं होतं. पहाटे पूजा, पोथी, माझ्याबरोबर गवार मोडणं. पण दारावरची बेल वाजली, की खुर्ची सरकल्याचा आवाज व्हायचा आणि अण्णा आतल्या खोलीत. पडदा ओढलेला. पाहुणा जाईपर्यंत बाहेर यायचे नाहीत. ज्यांनी त्यांचं कीर्तन ऐकलं होतं त्यांच्यापुढे तर मुळीच नाही.

आवाज परत दे, असं देवाजवळ मागण्याइतकी मी वेडी नव्हते. माझं एकच मागणं होतं. अण्णांनी पुन्हा माणसांत बसावं. चिपळ्या माळ्यावर गेल्या तर जाऊ देत, माणूस माळ्यावर जाऊ नये.

तर तो खोका. कंपनीत नवं यंत्र बसवायला फोगेलसाहेब म्हणून एक जर्मन इंजिनिअर आले होते. अंबरीश त्यांना जेवायला घरी घेऊन आला. माझी पुरणपोळी त्यांनी काट्याने खाल्ली, पण चार खाल्ल्या. परत जाताना आठवण म्हणून त्यांनी एक खेळ दिला. त्यात पुठ्ठ्याच्या चौकोनी फरशा होत्या. कुठल्या फरशीवर रस्ता, कुठल्या फरशीवर नदीचं वळण, कुठे शेत, कुठे गावाची तटबंदी. एकेक फरशी उचलायची आणि आधीच्या फरशीला लावायची. रस्त्याला रस्ता जुळला पाहिजे, नदीला नदी. असं करत करत टेबलावर एक अख्खा मुलूख उभा राहतो. प्रत्येकाच्या वाट्याला लाकडाचे इवलेसे गडी, आपापल्या रंगाचे. शेतावर गडी उभा केला की ते शेत त्याचं. शेवटी ज्याची शेतं जास्त तो जिंकला.

अंबरीश आणि मी जेवणं झाली की खेळत बसायचो. एक दिवस अंबरीश फरशी हातात घेऊन विचार करत बसला होता. मागून एक हात आला, त्याच्या हातातली फरशी काढून घेतली, वळवली आणि नदीच्या कोपऱ्यात चपखल बसवली.

"अण्णा, हे चालणार नाही हं," अंबरीश म्हणाला. "खेळायचं तर गडी घेऊन बसा."

अण्णा बसले. या खेळात बोलावं लागत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

दिवाळीपर्यंत अण्णा आम्हा दोघांना सरळ सरळ हरवायला लागले. आणि मग एकदा फरशा आवरताना कुजबुजले, "वृंदा, यांची नदी तळ्यात संपते गं."

"मग?"

"मग भरती कुठून येणार?"

मी हसले. पण अण्णा हसले नाहीत. त्यांच्या मुलखातली नदी तळ्यात संपत नाही, खाडीला मिळते. पेणपासून वडखळपर्यंत आणि तिथून अलिबागच्या वाटेने सगळी खारजमीन. खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध घातलेले, आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायला बांधात एक दार, त्याला उघाडी म्हणतात. त्या गावांतून अण्णांनी जन्मभर कीर्तनं केली होती. चिखल तुडवत, धोतर खांद्यावर टाकून.

फोगेलसाहेब सांगायचे, तिकडे म्हणे खेळाचे वेडे लोक घरबसल्या मूळ खेळाला स्वतःच्या पुरवण्या जोडतात आणि आपल्या मंडळात खेळून बघतात. मी म्हटलं, "अण्णा, आपण करू या की! खाडीची पुरवणी."

 अण्णांनी बोट वर करून अट घातली. "मूळ पदाला हात लावायचा नाही."

मला लगेच कळलं. कीर्तनात संतांचं पद घेतात ते जसंच्या तसं. त्यातला शब्द बदलायची कुणाची प्राज्ञा नाही. पण त्यावर बुवा तासभर जे बोलतात ते त्यांचं. तसंच इथे. साहेबांचा एकही नियम मोडायचा नाही, खाडी आपली आपण आणायची.

लिहायला सोपं, करायला महाकठीण. नव्या फरशा जुन्यांइतक्याच जाड हव्यात. जुन्या फायलींचे पुठ्ठे खळीने एकावर एक चिकटवून मी ते पाट्याखाली दाबून ठेवायची. तरी पाठ वेगळी दिसायची, म्हणजे उचलायच्या आधीच कळणार, ही खाडीची. म्हणून खणाची पिशवी शिवली. न बघता हात घालायचा आणि फरशी काढायची. तर अण्णा पिशवीत बोटांनी चाचपत बसायचे.

"अण्णा, लबाडी नको!"

अण्णा अगदी साळसूद चेहरा करायचे. टाळ वाजवून वाजवून त्यांच्या बोटांना कागदाचीसुद्धा जाडी कळत होती.

रंगासाठी मी पेणजवळच्या जोह्याला इंदुबाईंच्या गणपतीच्या कारखान्यात गेले. आमच्या घरचा गणपती वर्षानुवर्षं त्यांच्याकडचा. खाडी मी निळ्या रंगात काढली होती. इंदुबाईंनी ती फरशी हातभर लांब धरून बघितली. "एवढी निली खाडी कनच्या देवानं बघितली गो?" म्हणाल्या, आणि गणपतीच्या उंदराला लावतात तो रंग एका करवंटीत काढून दिला. चिखलाला तो असा काही शोभला, की अंबरीश कंपनीतून आल्या आल्या म्हणाला, "वास येतोय बघ खाडीचा."

नियम अण्णांचे आणि माझे, भांडून भांडून केलेले. खाडीकाठच्या शेताला बांधाची फरशी लावली की ते दुप्पट मोलाचं, कारण तिथलं भात चांगलं. पण पिशवीतून उधाणाची फरशी निघाली, की सगळ्यात नव्या बांधाला खांड पडते, म्हणजे तो फुटतो आणि मागचं शेत बुडतं. फुटलेल्या बांधावर गडी नेऊन उभा केला तर खांड बुजते. मात्र तो गडी खेळ संपेपर्यंत तिथेच अडकतो, आणि तो ज्या शेतावरून उठला ते शेत हातचं जातं. मोठ्या शेताच्या बांधाला तीन गडी लागतात. म्हणजे आपल्याच दोन शेतांवर पाणी सोडून एक वाचवायचं, की बुडू द्यायचं? त्यात खरी गंमत होती.

अंबरीशच्या शिफ्टमधला प्रणित आणि त्याची बायको अनिता खेळायला यायची. ती दोघं आली की अण्णा पडद्याआड, एक डोळा मात्र फटीतून टेबलाकडे. कुणाचा नियम चुकला, की आतून टिचकी वाजायची. टक्! अनिता दचकायची, मग फरशी उचलून नीट लावायची. अनिता खेळायला फार पक्की. "फुटू दे, फुटू दे ह्याचा बांध," नवऱ्याकडे बघत म्हणायची, "मागच्या वेळी माझा बुडाला तेव्हा शेंगा खात बसला होता." आणि प्रणितचं शेत बुडालं की टाळ्या पिटायची. खेळ रंगायचा, अटीतटीचा व्हायचा. आम्हाला वाटलं, झाली पुरवणी. कंपनीतले एक साहेब चैत्रात जर्मनीला निघाले होते. त्यांच्या हाती फोगेलसाहेबांना एक संच पाठवायचा, असं अंबरीशने ठरवूनही टाकलं.

शिमगा झाला आणि नेहमीप्रमाणे दत्तात्रेय आला.

दत्तात्रेय वडखळच्या पुढचा, खाडीकाठच्या गावचा शेतकरी. त्या गावच्या राममंदिरात रामनवमीचं कीर्तन अण्णांचं असायचं, आणि अण्णांच्या मागे उभं राहून झील धरायचा मान दत्तात्रेयाचा. झील म्हणजे बुवांनी ओळ सोडली की मागच्यांनी ती उचलायची. दत्तात्रेयाचा आवाज खणखणीत, फक्त उतावीळ. बुवांची ओळ संपायच्या आत हा सुरू. मग अण्णा गाता गाताच मागे वळून चिपळीने त्याच्या खांद्यावर एक ठोका द्यायचे आणि अख्खं देऊळ हसायचं. लोक त्या ठोक्याची वाट बघायचे.

आवाज गेल्यापासूनही दत्तात्रेय अधूनमधून कीर्तनाच्या आमंत्रणाचा नारळ घेऊन यायचा, अण्णा आत बसायचे, आणि तो नारळ मी परत त्याच्या पिशवीत घालायची. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड काम.

या खेपेला त्याचं लक्ष टेबलाकडे गेलं. "ह्ये काय गो वयनी? ही तर आमची उघाडी!"

मी सगळं समजावलं. त्याने खाडीची एक फरशी उचलली आणि बिनधास्त रस्त्याला जोडून दिली. पडद्याआडून टिचकी वाजली. टक्!

दत्तात्रेयाचा हात तसाच राहिला. त्याने पडद्याकडे बघितलं. आत गेला मात्र नाही. जरा मोठ्याने, भिंतीशी बोलावं तसा बोलला, "खाडीचा खेल खाडीवर खेलाया पायजे. रोह्यात बसून खरा का खोटा ते कलनार कसं? गावाला घेऊन या. चंद्रावती भाकऱ्या टाकेल." मग पिशवी उचलली. "आनि नारल मी काढीतच नाय या टायमाला. परत घालताना वयनींचं तोंड बघवत नाय."

तो गेल्यावर अण्णा बाहेर आले. रस्त्याला चिकटवलेली ती खाडी त्यांनी काढली आणि कुजबुजले, "बोलतो ते बरोबर आहे. जाऊ या. पण देवळात नाही. आणि मी बोलणार नाही."

मी आत जाऊन देवापुढे साखर ठेवली.

पुढच्या रविवारी आम्ही एस.टी.ने वडखळला उतरलो आणि तिथून गावात गेलो. दत्तात्रेयाच्या ओटीवर सतरंजी टाकलेली होती. त्याची बायको चंद्रावती, सून ऋतुजा, तो आणि मी, अशी चौघं खेळायला बसलो. अंबरीश गुण मोजायला. अण्णा भिंतीला टेकून, मांडीवर खणाची पिशवी घेऊन बसले. आजूबाजूचे लोक हळूहळू ओटीखाली जमले. त्यांतल्या कुणी बुवांना, आवाजाचं कसं आहे, असं विचारलं नाही. सगळे फरशांकडेच बघत होते.

"ही मिठागराची काय?"

"उंदराच्या रंगाचा बांध हाय बघ."

"गप ऱ्हावा, खेलू द्या त्यांना."

दत्तात्रेय बायकोला हरवायला टपलेला. चंद्रावतीचा रस्ता पुरा होणार, तेवढ्यात त्याने तिच्या वाटेत तटबंदी आणून बसवली.

"मेल्या, माझी वाट अडवलीस?"

"खेल हाय बाय, नवरा नाय इथं कोन."

इतकं सगळं छान चाललं होतं. मग अण्णांनी पिशवी पुढे केली आणि ऋतुजाच्या हाताला उधाण लागलं. सगळ्यात नवा बांध माझा होता. मागे मोठं शेत, आणि माझ्याकडे एकच गडी मोकळा. "बुडालं," असं म्हणत मी शेतावरचा गडी उचलायला गेले. तोच चंद्रावतीने स्वतःच्या भरल्या शेतावरचा गडी उचलला आणि माझ्या बांधावर उभा केला.

"अहो, तुमचं शेत जाईल!" मी म्हटलं.

"आनि तुझी खांड?"

तिचं बोलणं संपायच्या आत दत्तात्रेयाचा गडीही तिथे आला. आत्ताच बायकोची वाट अडवून हसणारा हा माणूस! ऋतुजाने कपाळाला हात लावला. "मामा, आत्या, खेळ आहे हो तो. आपण हरतोय." असं म्हणत म्हणत तिनेही आपला एक गडी तिथे ठेवला.

माझं शेत वाचलं. त्या तिघांची गेली. मी दणदणीत जिंकले.

दुसरा डाव मांडला. या वेळी खांड ऋतुजाच्या बांधाला. परत तेच. सगळे धावले, ऋतुजा जिंकली.

"म्हंजे जिचा बांध आधी फुटेल ती जितनार," चंद्रावती म्हणाली. "ब्येस हाय."

ओटीखाली हशा पिकला. माझं मात्र तोंड उतरलं. रोह्यात इतका रंगलेला खेळ इथे नुसता मोडून पडला होता. मी नियम पुन्हा सांगितला, दुसऱ्याच्या बांधावर जाण्यात काही फायदा नाही हे समजावलं. दत्तात्रेय मान हलवायचा, आणि उधाण निघालं की त्याचा हात आपोआप तिकडे जायचा. शेवटी मी म्हटलं, "तर मग असा नियम करू या, की दुसऱ्याच्या बांधावर जायचंच नाही."

 दत्तात्रेय मान खाजवत म्हणाला, "चालेल वयनी. तुमचा खेल हाय. पन मग तो बांध नाय ऱ्हायला, कुंपन झाला."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, उलट मला वाईट वाटू नये म्हणून तो जपून बोलत होता. त्यानेच मला जास्त रडू यायला लागलं. नियम घातला तर खाडी खोटी, नाही घातला तर खेळ खोटा. साहेब चैत्रात निघणार. आणि अण्णा इतक्या दिवसांनी घराबाहेर पडले ते हे बघायला! मी फरशा गोळा करायला लागले.

टक्!

अण्णांनी टिचकी वाजवली होती. मी थांबले. अण्णा भिंतीपासून पुढे सरकले, बोट ऋतुजाच्या वाचलेल्या शेताकडे केलं आणि ओठ हलवले. मला ऐकू आलं नाही. शेजारी बसलेल्या दत्तात्रेयाला आलं, आणि त्याने पूर्वीच्या सवयीने ते तिथल्या तिथे उचललं, अगदी सुरात.

"खांड बुजलीऽ!"

अण्णा दचकले. ओटीखालची माणसं दोन पायऱ्या वर आली. अण्णांनी पुन्हा ओठ हलवले.

"शेत वाचलंऽ!" दत्तात्रेयाने उचललं.

अण्णांनी आता हात वर केला. तो हात मी ओळखत होते. आख्यानात प्रश्न टाकताना हा हात असाच वर जायचा आणि देवळात टाचणी पडली तरी ऐकू यावी असं व्हायचं. ते कुजबुजले, आणि या वेळी सगळे इतके गप्प होते, की मलाही ऐकू आलं. "वाचलं. मग त्या शेताची धनीण काय करते?"

दत्तात्रेयाने प्रश्न उचलायच्या आधीच चंद्रावतीने उत्तर दिलं. "काय करनार? भाकऱ्या घेऊन बांधावर जाते. चिखलात उतरलेल्यांना उपाशी धाडील काय?"

अण्णांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. बाजूच्या ताटातली तांदळाची भाकरी त्यांनी उचलली, तिचे बारीक तुकडे केले आणि ऋतुजाच्या बांधावर उभ्या असलेल्या एकेका गड्यापुढे एकेक तुकडा ठेवला. मग बोलायला लागले. थोडं ते कुजबुजायचे, थोडं दत्तात्रेय मोठ्याने म्हणायचा, कुठे अडलं की चंद्रावती पुरं करायची. ज्याच्या बांधावर उभं राहाल त्याच्या घरची एक भाकरी तुमची. शेतासारखीच भाकरीही शेवटी मोजायची. आणि ज्याचं शेत वाचलं त्याने वाटायची, नाही म्हणायचं नाही. साहेबांच्या नियमांना कुठे धक्का नाही, मूळ पद जागच्या जागी.

दत्तात्रेयाच्या डोळ्यांत चमक आली. "म्हंजे मी जितल्या बांधांवर जाईन तितल्या भाकऱ्या माझ्या?"

"खायचं नाव काढलं नि नियम कसा झटक्यात कलला बघा," चंद्रावती म्हणाली.

तिसरा डाव असा रंगला की काय सांगू. दत्तात्रेय उधाण निघायच्या आधीच गडी मुठीत घेऊन तयार. चंद्रावती त्याचा हात धरून ठेवायची. बांधावर तीनच जागा, आणि पोचायला सगळ्यांची धांदल! ऋतुजाने तर आपला नवा बांध मुद्दाम उशिरा घातला, दुसऱ्याचा फुटावा म्हणून. शेवटी कोण जिंकलं ते कळलंच नाही. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात कोंबडी ओटीवर चढली आणि हिशेबातल्या सगळ्या भाकऱ्या खाऊन गेली.

हसून हसून डोळे पुसताना माझ्या लक्षात आलं, की अण्णा मघापासून बोलतायत. पडदा नाही, भिंत नाही. पायऱ्यांवर, ओटीवर, अंगणात माणसं बसलीयत आणि अण्णा मधोमध. मी पटाकडे बघितलं. माझ्या एकटीच्या बांधावर तीन रंगांचे गडी दाटीवाटीने उभे होते. मी पुन्हा अण्णांकडे बघितलं. ते दत्तात्रेयाकडे बघत होते.

दत्तात्रेय उठला, घरात गेला आणि नारळ घेऊन आला. तो त्याने सतरंजीवर ठेवला.

अण्णांनी त्या नारळाकडे बघितलं.  मग ते कुजबुजले, "झील वेळेवर येईल का?"

"माजी झील कवा चुकली, बुवा?"

"कायम!" चंद्रावती म्हणाली. "कायम आधीच सुरू करतो ह्यो."

अण्णांनी नारळ उचलला आणि खणाच्या पिशवीत, फरशांवर ठेवला. पिशवीची नाडी स्वतःच्या हाताने बांधली.

संच वेळेवर जर्मनीला गेला. भाकऱ्यांसाठी मी जाड पुठ्ठ्याच्या गोल चकत्या कापल्या, कोंबडीने न खाण्यासारख्या. नियमांचं इंग्रजी करताना अंबरीश 'भाकरी'पाशी येऊन अडला. मी म्हटलं, "तसाच ठेव शब्द. ते पुरणपोळी म्हणायला शिकले, हेही शिकतील." प्रणित आणि अनिता नव्या नियमाने खेळले, तेव्हा अनिता अर्धा डाव नुसती नवऱ्याच्या बांधावर उभी राहायला बघत होती, आणि तो म्हणत होता, "तुझ्या भाकऱ्या नकोत मला, हिशेब मागशील नंतर." पण शेवटी त्याने जागा दिली.

रामनवमीला अंबरीशने शिफ्ट बदलून घेतली. माळ्यावरून चिपळ्या मी काढल्या, घासून पुसून ठेवल्या. देऊळ गच्च भरलं होतं. अण्णा पागोटं घालून, उपरणं घेऊन उभे राहिले आणि मला एकदम भीती वाटली. ओटीवर बसून फरशा मांडणं वेगळं, हे वेगळं. मागून पेटीचा सूर आला, तबल्यावर थाप पडली. अण्णांनी डोळे मिटले आणि नमनाची ओळ म्हटली. ओठ हलले, आवाज पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा गेला नाही.



मग दत्तात्रेयाने ओळ उचलली. त्याच्या मागून चंद्रावतीने आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी. मग माझ्या शेजारच्या म्हातारीने, आणि मीसुद्धा. अण्णांच्या ओठांकडे बघत अख्खं देऊळ गात होतं. निरूपणातलं वाक्य मागे पोचलं नाही, तर पुढचे मागच्यांना वळून सांगायचे. "काय म्हनाले बुवा?" "म्हनाले, दशरथाला झोप नाय." "आस्सं!" कीर्तन जरा संथ चाललं होतं, आणि सूर्य काही कुणासाठी थांबत नाही. रामजन्माची वेळ भरत आली. पाळण्याची दोरी बायकांच्या हातात, गुलाल मुठींत. अण्णांनी शेवटची ओळ घ्यायला श्वास भरला.

आणि त्यांचे ओठ उघडायच्या आतच मागून दत्तात्रेयाचा खणखणीत आवाज उठला.

अण्णा थांबले. सावकाश मागे वळले. चिपळी उचलली आणि दत्तात्रेयाच्या खांद्यावर एक ठोका दिला.

देऊळ खदखदून हसलं. त्या हसण्यातच गुलाल उधळला गेला.